मुंबईचं पहिलं कायदेमंडळ : सभासद गव्हर्नरने नेमलेले, अध्यक्षही गव्हर्नरच!

आज आमदार लोक निवडून देतात आणि सभागृहाचा अध्यक्ष आमदार निवडतात. पण मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये पहिल्यांदा भरलं, तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

सभासद कोण होते?

१८६१च्या कायद्याने गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलला ॲडव्होकेट जनरल आणि ४ ते ८ जादा सभासद जोडले. त्यातले निदान निम्मे बिनसरकारी असायचे. सगळ्यांची नेमणूक मात्र गव्हर्नरच करायचा. सुरुवातीच्या भारतीय सभासदांत नाना शंकरशेट आणि सरदार विंचूरकर होते. पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक, तेलंग, रानडे, दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता अशी शिकलेली मंडळी आली.

अधिकार काय होते?

फक्त समोरच्या विधेयकावर बोलायचं. प्रश्न विचारता येत नव्हते, बजेटवर चर्चा नव्हती. अध्यक्षपदी गव्हर्नर, म्हणजे ज्याच्या कारभारावर बोलायचं तोच सभा चालवणार!

१८९२ साली काय बदललं?

जादा सभासदांची मर्यादा २० झाली. महापालिका, विद्यापीठ, लोकल बोर्डं अशा संस्था नावं सुचवू लागल्या. कायद्यात 'निवडणूक' हा शब्द नव्हता, शेवटची नेमणूक गव्हर्नरचीच होती. तरी याच वाटेने मुंबई महापालिकेकडून मेहता आणि १८९५ मध्ये लोकल बोर्डांकडून टिळक कौन्सिलात पोहोचले. आता प्रश्न विचारता येऊ लागले, बजेटवर बोलता येऊ लागलं. पण बजेटवर मतदान नव्हतं आणि उपप्रश्नही नव्हते.

मग उपयोग काय झाला?

१९०१ मध्ये जमीन महसुलाचं विधेयक आलं. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, अशी अट सरकारला घालता येणार होती. शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क जाईल, म्हणून मेहता आणि गोखले यांच्यासह काही सभासदांनी कडाडून विरोध केला. सरकार ऐकेना, तेव्हा ते उठून बाहेर गेले. विधेयक तरीही मंजूर झालं, कारण बहुमत सरकारचंच होतं. पण त्या सभात्यागाने कौन्सिलात खरी सत्ता कुणाची, हे उघड झालं.

गव्हर्नरने अध्यक्षाची खुर्ची सोडली ती थेट १९२१ मध्ये. त्या खुर्चीवर बसलेले पहिले बिनसरकारी अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर.