विहीर कोण खणतो? राज्यपद्धती आणि आर्थिक दूरदृष्टी : अभ्यासाची प्रस्तावना

विहीर एका उन्हाळ्यात खणून होते, पण तिचा खर्च फिटायला कितीतरी हंगाम जातात. म्हणून एखाद्या काळातली माणसे किती पुढचे पाहत होती हे समजून घ्यायचे असेल, तर त्या काळचे ग्रंथ मी नंतर उघडतो. तेव्हाच्या गावांत विहिरी कोणी खणल्या आणि कोणी खणल्या नाहीत, ते आधी शोधतो. राज्यपद्धतीचा समाजाच्या आर्थिक दूरदृष्टीवर काय परिणाम होतो, हा या शाखेचा विषय. तिच्यात नव्याने येणाऱ्यांनाही मी हीच वाट सुचवीन.

काटकसर, धीर, उद्याची काळजी हे स्वभावाचे किंवा संस्कारांचे गुण आहेत, अशी आपली पक्की समजूत असते. दख्खनची जुनी गावे पाहिली की ती डळमळते. एकाच शिवारात दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. त्याच्यावर साऱ्याचा बोजा जड असे. पण गाव सोडून गेला तरी परत येऊन आपली मिरास मागण्याचा हक्क त्याला होता. उपरी बाहेरून आलेला. त्याची बोली बहुधा सालाची, सारा त्या मानाने हलका, आणि जाच वाढला की बैल जुंपून दुसऱ्या गावी जायला तो मोकळा. या उपऱ्याला आळशी ठरवणारे आजही भेटतात. सालाच्या बोलीवर ताल कोण घालील, विहीर कोण खणील?

पेशवाईतल्या कारभाऱ्यांना हे ठाऊक होते. पडीक जमीन वहितीला आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या साली नाममात्र सारा, मग दरसाल थोडी चढ, आणि काही वर्षांनी पुरा दर. कौलाचा तो कागद म्हणजे सरकारने धीर धरण्याचे दिलेले लेखी वचन होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. जो जास्त बोली लावील त्याला महाल, आणि त्याच्याहून चढी बोली आली की त्याचाही भरवसा नाही. मग मक्तेदार यंदाच्या यंदा पिळून घेणार, हे ओघानेच आले. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली ठाण मांडून बसलेला लुटारू आणि फिरता लुटारू असा भेद मांडला. ठाण मांडलेल्याला रयत जगवणे परवडते, फिरत्याला त्याची गरज नसते. आपल्याकडे हे दोन्ही नमुने एकाच घराण्याच्या गादीखाली सापडतात. त्यामुळे राजेशाही चांगली की लोकशाही, हा प्रश्न मला या अभ्यासासाठी फार ढोबळ वाटतो. वचन कोणी दिले, किती मुदतीचे दिले आणि ते मोडले तर दाद कुठे मागायची, हे विचारले की हाताला काही लागते.

पण मुदत लांबली की दूरदृष्टी आपोआप येते, असेही नाही. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल यांची पाहणी फसली. निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा कागदावर शास्त्रशुद्ध होता, शिवारात तो पेलवला नाही. 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू केली. दर खाली आणले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. एका पिढीला पुरेल एवढे वचन! लागवड वाढलीही. तरीही मे 1875 मध्ये भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात सावकारांवर हल्ला झाला आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावायचे आणि जाळायचे. असे का झाले, यावर आजही वाद चालतो. सारा तीस वर्षांचा असला तरी हप्ता रोख आणि ठरल्या तारखेला भरावा लागे, पाऊस पडो वा न पडो. जमीन आता विकता येणारे तारण झाली होती, आणि कोर्ट रोख्यावरचा अंगठा पाहून हुकूमनामा देई. अमेरिकेतल्या यादवीने चढलेले कापसाचे भाव उतरले होते आणि फेरआकारणीत सारा वाढला होता. सरकारचे घड्याळ तीस वर्षांचे, पण कुणब्याच्या घरात चाले ते हप्त्याचे आणि व्याजाचे. 1879 च्या कायद्याने कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला तो हा अनुभव घेऊनच.

अशा व्यवस्थांची सावली लांब पडते. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा 2005 चा निबंध जरूर वाचा. इंग्रजांनी जिथे सारावसुली जमीनदारांच्या हाती दिली, ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतल्या गुंतवणुकीत आणि उत्पादनात मागे राहिले, असे त्यांना आढळले. आणि निवडणुकीच्या राज्याला अल्पदृष्टीचा शाप असतो, असे कोणी म्हणाले तर त्याला महाराष्ट्राची रोजगार हमी दाखवा. 1977 च्या त्या कायद्याने काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क झाला, आणि खर्चासाठी शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर आला. सरकारे बदलली, कायदा टिकला. त्यातून निघालेल्या पाझर तलावांनी आणि बांधांनी किती पाणी धरले, तो हिशेब मात्र गावागणिक वेगळा निघतो.

वाचताना एक पथ्य पाळा. पेशव्यांच्या मुलखाविषयीचा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनचा 1819 चा अहवाल अनमोल आहे, पण तो जिंकणाऱ्याने हरलेल्याविषयी लिहिला आहे. बाजीराव जितका वाईट दिसेल तितके नवे राज्य बरे दिसणार होते. त्याच्या शेजारी फुकाझावा आणि अ. रा. कुलकर्णी या इतिहासकारांचे लेखन ठेवा, आणि जमले तर मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल अजून पुरते वाचून झालेले नाहीत. तोवर सुरुवात घरापासून करा. गावी शेत असेल, तर तिथली विहीर कोणत्या साली खणली, पैसा कुठून आणला आणि तेव्हा सातबाऱ्यावर नाव कोणाचे होते, हे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा.