हौशी ड्रोन : उत्पादकाचे उड्डाणनिर्बंध व ग्राहकाचे हक्क

छंदासाठी वा छायाचित्रणासाठी विकत घेतलेले ड्रोन विवक्षित प्रदेशात, विवक्षित उंचीपलीकडे अथवा विवक्षित अटी पुऱ्या झाल्याखेरीज उडूच नये, अशी तजवीज उत्पादकाने त्याच्या संगणकीय प्रणालीत विक्रीपूर्वी किंवा विक्रीनंतर केली असता खरेदीदाराला कोणते हक्क उरतात, हा या नोंदीचा विषय होय. आकाशाच्या वापराचे नियमन हे राज्यसंस्थेचे काम, तर विकत घेतलेल्या वस्तूचे स्वामित्व ग्राहकाचे. उत्पादकाचा निर्बंध या दोहोंच्या मधल्या जागी येतो. त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागावयाची झाल्यास तो निर्बंध कायद्याच्या हुकुमाची केवळ अंमलबजावणी आहे, की कायद्यापलीकडे जाऊन उत्पादकाने स्वतःच्या मुखत्यारीत घातला आहे, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो.

कार्यपद्धती : असा निर्बंध असलेल्या ड्रोनमध्ये विमानतळ, तुरुंग, अणुविद्युत केंद्रे इत्यादींच्या सीमांची सारणी साठवलेली असते. उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्राला आपले स्थान कळले, की ते या सारणीशी ताडून पाहिले जाते. स्थान निषिद्ध क्षेत्राच्या आत असल्यास मोटारी सुरूच होत नाहीत, आणि बाहेरून उडत आलेले यंत्र हद्दीपाशी पोहोचताच, चालकाने दांडी कितीही पुढे दाबली तरी, अदृश्य भिंतीला टेकल्यासारखे जागच्या जागी तरंगत राहते. काही क्षेत्रांत उत्पादकाकडे खाते उघडून व मोबाइल क्रमांक पडताळून चालकाला स्वतःच्या जबाबदारीवर कुलूप काढता येते; अधिक संवेदनशील क्षेत्रांत मात्र संबंधित अधिकाऱ्याचे परवानापत्र उत्पादकाकडे रुजू करून त्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. परिणामी, सरकारचा रीतसर परवाना हाती असलेल्या मनुष्यालाही उत्पादकाच्या कचेरीतून दुसरा परवाना मिळवावा लागतो.

प्रकार : या निर्बंधांचा इतिहास मुख्यत्वे शेन्झेन येथील डीजेआय या कंपनीच्या व्यवहारांत आढळतो, आणि त्यांत तीन निरनिराळे प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार कायद्याच्या अनुवादाचा. २६ जानेवारी २०१५ रोजी पहाटे वॉशिंग्टन येथे व्हाइट हाउसच्या आवारात या कंपनीचे फँटम जातीचे एक ड्रोन कोसळले. त्याच आठवड्यात कंपनीने वॉशिंग्टनच्या मध्यभागापासून २५ किलोमीटर त्रिज्येच्या आत फँटम २ मालिकेतील यंत्रे उडणार नाहीत असे फर्मवेअर (यंत्रातच बसविलेली संगणकीय प्रणाली) सक्तीचे करण्याचे जाहीर केले. त्या प्रदेशात उड्डाणाला संघीय मनाई पूर्वीपासूनच होती. सबब कायद्याने मुळातच न दिलेली मुभा कंपनीने हिरावली, असे ग्राहकाला म्हणता येत नव्हते.

दुसरा प्रकार सुरक्षिततेचा. २०१७ साली स्पार्क नावाची काही छोटी ड्रोने हवेतच वीजपुरवठा खंडित होऊन खाली पडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने नवे फर्मवेअर काढून, १ सप्टेंबरपर्यंत ते न घेणारे यंत्र उड्डाणच करणार नाही, असे फर्मावले. येथे निर्बंधाचे मूळ वस्तूच्या दोषात आहे, आणि दोष दुरुस्त करण्याचे उत्पादकाचे कर्तव्य जसे कायद्याला मान्य आहे, तसाच त्या दोषाबद्दल भरपाई मागण्याचा ग्राहकाचा हक्कही दुरुस्तीमुळे आपोआप संपत नाही.

तिसरा प्रकार केवळ उत्पादकाच्या इच्छेचा, आणि वादाचे खरे मूळ तोच होय. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की खात्याद्वारे नव्या फर्मवेअरचे सक्रियन न करणाऱ्याचे ड्रोन ५० मीटर त्रिज्या व ३० मीटर उंची यांच्या आतच उडेल आणि त्याच्या कॅमेऱ्याचे थेट चित्रही दिसणार नाही. योगायोग असा, की त्याच महिन्यात वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने हौशी ड्रोनधारकांवरील सक्तीची सरकारी नोंदणी बेकायदेशीर ठरविली होती. ती पुन्हा अमलात आणण्यासाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसला कायदा करावा लागला. सरकारला जे कायद्याशिवाय करता आले नाही, तत्सदृश काम खाजगी उत्पादकाला एका अपडेटने साधता आले.

परदेशांतील कायदा : ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहकहक्क अधिनियमान्वये विक्रेत्याला करारातील तरतुदीनुसार अंकीय सामग्रीत फेरफार करता येतो, मात्र फेरफारानंतरही ती मूळ वर्णनाशी जुळली पाहिजे. युरोपीय संघाने २०१९ साली दोन निदेश काढले, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांपैकी २०१९/७७० या निदेशानुसार अंकीय सेवेतील फेरफारामुळे ग्राहकाचे नगण्य नव्हे असे नुकसान होत असेल तर त्याला ३० दिवसांच्या मुदतीत करार संपुष्टात आणता येतो. परंतु ड्रोनमध्येच अंतर्भूत असलेले सॉफ्टवेअर २०१९/७७१ या दुसऱ्या, वस्तुविक्रीविषयक निदेशाखाली येते, आणि त्यात आवश्यक अपडेट पुरविण्याचे बंधन असले तरी पहिल्या निदेशातील करारसमाप्तीची तरतूद तशीच उतरलेली नाही. शिवाय युरोपीय ड्रोननियम सी१ ते सी३ या वर्गांसाठी ज्या यंत्रणेची सक्ती करतात, ती चालकाला सावध करणारी आहे. यंत्र बळाने अडविणारी नव्हे. तेव्हा कायदा आम्हाला भाग पाडतो, ही उत्पादकाची सबब प्रत्येक कुलपाला लागू पडत नाही.

विक्रीनंतर अपडेटद्वारे वस्तूची उपयुक्तता घटविण्याबद्दलचे ठळक प्रकरणे अन्य उपकरणांच्या बाबतीत घडली आहेत. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये, पुरेशी माहिती न देता जुने फोन मंदावणारे अपडेट दिल्याबद्दल ॲपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लक्ष युरो दंड ठोठावला. सोनीने २०१० साली प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रातील अन्य कार्यप्रणाली चालविण्याची सोय अपडेटने काढून घेतली, त्यावरील अमेरिकेतील सामूहिक दावा २०१६ मध्ये तडजोडीपर्यंत पोहोचला. जाहिरातीत सांगून विकलेला गुण मागाहून काढून घेणे ही तक्रारयोग्य बाब आहे, एवढे या प्रकरणांवरून निश्चित म्हणता येते.

भारतीय स्थिती : भारतात कुलपाची कल्पना सरकारनेही पुढे आणली. १ डिसेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या नियमांत, अंकीय परवानगीवाचून ड्रोनने उड्डाणच करू नये, अशी यांत्रिक योजना होती. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आणि हिरव्या विभागातील उड्डाणास पूर्वपरवानगीची आवश्यकता ठेवली नाही. भू-कुंपणासारखी (निषिद्ध हद्दीत ड्रोनला अडविणारी) सुरक्षासाधने पुढे कधी अधिसूचित झाल्यास त्यांच्या पूर्ततेसाठी किमान सहा महिन्यांची मुदत देण्याचेही मान्य केले. म्हणजे सरकारी नकाशात हिरवा असलेला पट्टा उत्पादकाच्या सारणीत निषिद्ध असेल, तर तो निर्बंध कायद्याचा नसून उत्पादकाचा ठरतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनांच्या आयातीस, संशोधन व संरक्षण यांसारखे अपवाद वगळता, बंदी आहे. तरी तत्पूर्वी घेतलेली यंत्रे व देशी बनावटीची यंत्रे यांच्या संदर्भात हा प्रश्न कायम आहे.

२० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ड्रोनचा वेगळा उल्लेख नाही. पण वस्तूचा दर्जा व मानक जाणून घेण्याचा हक्क, महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणे ही सेवेतील त्रुटी, फसव्या वर्णनाने विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आणि ग्राहकावर अवाजवी अट लादणारा अनुचित करार, या चारही संकल्पना येथे उपयोगी पडतात. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावयाची असते, आणि ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगातही ती करता येते. त्यामुळे कोल्हापूरच्या खरेदीदाराला विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. करारच अनुचित असल्याची तक्रार मात्र जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य अथवा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावी लागते. व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी ड्रोन घेणारा लग्नसमारंभाचा छायाचित्रकार ‘ग्राहक’ या व्याख्येतून वगळला जात नाही.

हक्कांचे स्वरूप व मर्यादा : वरील विवेचनावरून, हवे तेथे उडविण्याचा हक्क हा ग्राहकहक्क नव्हे, हे उघड होते. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडले, आणि ते विमान ऐन आपत्तीत दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावे लागले. निर्बंधामागील लोकहित अशा प्रसंगी प्रत्यक्षास येते. तरीही चारच दिवसांनी डीजेआयने, हा बदल पूर्वीच ठरलेला होता असे सांगत, अमेरिकेतील आपली सक्तीची कुलपे काढून तेथे सरकारी नकाशावर आधारलेल्या सूचना ठेवल्या व अंतिम निर्णय चालकावर सोपविला. ज्या निर्बंधाचा त्याग उत्पादक स्वेच्छेने करू शकतो, तो लादतानाही त्याला स्वेच्छा होती, असे म्हणणे भाग आहे. आणि स्वेच्छेने केलेल्या कृतीचा जाब विचारता येतो. हा जाब चार बाबींपुरता असतो : निर्बंधांची माहिती खरेदीपूर्वी मिळणे, सारणीतील चूक विनामूल्य दुरुस्त होणे, कायदेशीर परवानाधारकाचे कुलूप वाजवी मुदतीत निघणे आणि विक्रीनंतर वस्तूचा वर्णित गुण घटल्यास भरपाई वा परतावा मिळणे. आयोगापुढे जाणाऱ्याने खरेदीची पावती, त्या वेळची जाहिरात, अपडेटपूर्वीच्या व नंतरच्या फर्मवेअरचे क्रमांक, पडद्यावर उमटलेल्या मनाईच्या सूचनेचे छायाचित्र आणि त्याच दिवशीचा त्या स्थळाचा सरकारी नकाशा एवढे दप्तर जपून ठेवणे इष्ट होय. कारण कायद्याचा निर्बंध कोठे संपतो आणि उत्पादकाचा कोठे सुरू होतो, हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात ग्राहकावरच पडतो.