तीन पौंड आणि पन्नास पौंड



पहिल्यांदा युरोपला फिरायला निघालं की शेंगेन व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंट्स जोडावी लागतात, खिशात पुरेसे पैसे आहेत हे दाखवायला. पूर्वी उलटं होतं, जास्त पैसे नेत नाही हे दाखवावं लागे!

साठच्या दशकात भारतातून निघताना हातात जेमतेम तीन पौंड मिळायचे, ही गोष्ट इथल्या बहुतेक मराठी घरांत ऐकलेली असते. गरीब देशाचा नियम म्हणून आपण ती सांगतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. कारण साहेबाचीही तीच गत होती. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि त्याच वर्षी विल्सन सरकारने पौंड सावरायला परदेशी सहलीवर वर्षाला माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली. बँक तो आकडा पासपोर्टच्या मागच्या पानावर नोंदवायची. एवढं करूनही नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड घसरवावा लागलाच.

गंमत म्हणजे ही मर्यादा स्टर्लिंग क्षेत्राबाहेरच होती आणि भारत त्या क्षेत्रात. म्हणजे इथून मुंबईला जायला आडकाठी नाही, पण खाडीपलीकडच्या पॅरिसमध्ये कॉफीसुद्धा हिशोबाने प्यायची. १९७० मध्ये मर्यादा ३०० पौंड झाली. ऑक्टोबर १९७९ मध्ये जेफ्री हाऊ यांनी चलन नियंत्रणच उठवलं आणि पासपोर्टमधली ती पानं निकामी झाली.