व्यावसायिक क्रीडा लीग व चाहत्यांची निष्ठा (महाराष्ट्र)

नव्या व्यावसायिक क्रीडा लीगमधील एखादा संघ प्रेक्षकांना आपला वाटू लागणे आणि पराभवातही, खेळाडू बदलले तरीही, त्यांनी त्याच्या पाठीशी राहणे, यास चाहत्यांची निष्ठा म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे पुढे आला. कबड्डीला येथे प्रेक्षक नव्याने शोधावा लागला नाही. गाव, मंडळ आणि खेळाडू यांच्यावरील जुनी निष्ठा शहराच्या नावाने उभ्या केलेल्या संघाकडे वळवणे, हे खरे काम होते. ते अंशतःच साधले आहे.

पूर्वपीठिका

सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो. मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादाचा, यावर पाठीराखे ठरतात. ही निष्ठा केवळ टाळ्यांपुरती नव्हती. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीच्या बळावर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा बैलगाड्यांसह त्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवून खर्डेकरांचे ऋण फेडले. चाहता आणि खेळाडू यांच्यातील देवाणघेवाणीचे याहून बोलके उदाहरण राज्याच्या क्रीडा इतिहासात क्वचितच सापडेल.

कबड्डीतही मंडळांची परंपरा अशीच जुनी आहे. 'कबड्डीमहर्षी' शंकरराव तथा बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

प्रो कबड्डी लीग

लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळी येथे यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. आठ संघांपैकी यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन महाराष्ट्रातील होते. मॅट, प्रकाशयोजना, तीस सेकंदांची चढाई आणि 'करो या मरो' चढाईचा नियम यांमुळे खेळ दूरचित्रवाणीवर वेगवान दिसू लागला. संघांची नावेही विचारपूर्वक निवडलेली होती : एकात मुंबादेवीची आठवण, तर दुसऱ्यात 'पलटण' हा मराठीत रुळलेला लष्करी शब्द.

यू मुंबाने पहिल्या हंगामात उपविजेतेपद आणि २०१५ मध्ये मुंबईतच विजेतेपद मिळवले. कर्णधार अनुपकुमार मूळचा हरियाणाचा. तरीही मुंबईकरांनी त्याला आपला मानले. एकच कर्णधार सलग काही हंगाम संघात राहिला, हे त्याचे एक कारण होय.

लिलाव

खेळाडूंच्या लिलावाने मात्र ही घडी वारंवार विस्कटली. सांगली जिल्ह्यातील कासेगावचा काशिलिंग आडके सुरुवातीचे हंगाम दबंग दिल्लीकडून खेळला. त्यामुळे वाळवा तालुक्यातील प्रेक्षकाने जिल्ह्याच्या खेळाडूला साथ द्यावी की राज्याच्या नावाच्या संघाला, हा पेच लीगनेच निर्माण केला. २०१८ मध्ये चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून पदार्पणातच नाव कमावले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटी रुपयांना घेतले. स्वतः अनुपकुमारही त्याच वर्षी, २०१८ च्या हंगामात, जयपूरकडे गेला होता. खेळाडूच्या दृष्टीने हे न्याय्यच होते, कारण मंडळाच्या कबड्डीतून एवढा पैसा त्याला कधीच मिळाला नसता. संघाच्या चाहत्याला मात्र दरवर्षी नवी नावे पाठ करावी लागली.

पुणेरी पलटणने पुढे तरुण खेळाडू घडवून त्यांना टिकवण्याचा मार्ग धरला. अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच वाटेने कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून संघाने पहिले विजेतेपद मिळवले.

घरचे मैदान

तो अंतिम सामना हैदराबादला झाला. २०२४ च्या अखेरीस पुण्यात अंतिम सामना झाला, तेव्हा त्यात राज्यातील एकही संघ नव्हता. २०२५ च्या हंगामात पुणेरी पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. परंतु त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई व दिल्ली येथेच झाले. आरंभीच्या हंगामांत लीगचा मुक्काम संघाच्या शहरात काही दिवस असे. महासाथीच्या काळातील, प्रेक्षकांविना बंगळूरमध्ये झालेल्या हंगामानंतर मोजक्याच शहरांत सामने घेण्याकडे कल वाढला. खर्च वाचला, पण तिकीट काढून मैदानावर येणारा पाठीराखा दुरावला. पाचगणी, वाई वा कराडच्या प्रेक्षकाला तर बालेवाडीचे क्रीडासंकुलही दूरच. पाचगणीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे. या पट्ट्यातील लीगचा चाहता हा मुख्यतः दूरचित्रवाणीचाच चाहता राहिला.

इतर लीग

महिलांसाठी २०१६ मध्ये घेतलेल्या तीन संघांच्या कबड्डी स्पर्धेत संघांना कोणत्याही गावाचे वा शहराचे नाव नव्हते. तिचा दुसरा हंगाम झाला नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम संपूर्णपणे पुण्यात झाला, मात्र सहा संघांत पुण्याचा संघच नव्हता. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगने २०२३ पासून जिल्ह्यांची नावे पुढे आणली. तीत २०२५ मध्ये सातारा वॉरियर्स हा संघ दाखल झाला. त्याचे सामने पुण्याजवळील गहुंजे येथे झाले.