कपाटातील रिकामा खण

काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्या मागोमाग ग्रंथालयाच्या दारापर्यंत आला. इकडेतिकडे पाहून त्याने विचारले, "सर, माझ्यासारख्या मुलांवर एखादे पुस्तक आहे का?" माझ्यासारख्या म्हणजे कशा, हे त्याने सांगितले नाही, पण मला ते कळले नाही असेही नाही. "बघून सांगतो," मी म्हणालो. तो पुन्हा आला नाही. विड्या वळणारी आई आणि यंत्रमागावर राबणारा बाप यांच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुस्तक मागायला आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे म्हणजे काय, हे निदान मला तरी ठाऊक असायला हवे होते. त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे लिहीत आहे.

हा प्रश्न निघाला की आपल्या चळवळीत दोन उत्तरे ऐकू येतात. एक, हे शहरी सुखवस्तूंचे खूळ आहे. दुसरे, आधी जातीचे बघू, मग याचे. इतिहास या दोन्ही उत्तरांना साक्ष देत नाही.

सोलापुरापासूनच सुरुवात करू. आपल्या शहरातली सेटलमेंट ही 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेतून आलेली. माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण त्या कायद्याला दुसराही एक भाग होता, आणि तो हिजड्यांविषयी होता. मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात तो राबवला गेला. नोंदवहीत नाव चढलेल्याने स्त्रीवेशात चारचौघांत फिरणे, नाचणे-गाणे हा गुन्हा. त्याला मूल दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्रही करता येणार नाही. नोंदीसाठी ज्या गुन्ह्यांचा संशय पुरेसा होता, त्यांत 1860 च्या दंडविधानातले कलम 377 होते. म्हणजे भटका आणि हिजडा एकाच कायद्याच्या कागदावर आरोपी होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी जमाती विमुक्त झाल्या. तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख मिळाली ती 15 एप्रिल 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, आणि प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा 377 चा डाग पुसला गेला तो 6 सप्टेंबर 2018 रोजी. त्या निकालाचा आधार होता संविधानिक नैतिकता. हा शब्द बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मांडला होता.

बाबासाहेबांचा या प्रश्नाशी संबंध त्याहून जुना आहे. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही प्रश्नांना, छापील उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु जे विचारायला माणूस लाजतो त्याचे शास्त्रीय उत्तर मिळण्याचा त्याला हक्क आहे, या बाजूने बाबासाहेब उभे होते, हे आपण आपल्या मुलांना का सांगत नाही?

कारण आपणही हसलो आहोत. माझ्या लहानपणी मंगळवारी वस्तीत एक जोगत्या यायचा. अंगात लुगडे, हातात परडी. आम्ही पोरे त्याचा पदर ओढायचो. कोणी आम्हांला रागावले नाही. यल्लम्माला सोडलेली ही माणसे बहुतेक आपल्याच जातींची होती. कोणाला घरच्यांनी नवसापायी सोडले, कोणाला त्या लुगड्यातच आपले माणूसपण सापडले. सगळ्यांना एकच नाव चिकटवणे हाही अन्यायच. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी यांना हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. रूढी मोडायची होती. माणूस मोडायचा नव्हता. हा फरक आपण पुढे सांभाळला नाही.

आता पुस्तके. राजन गवस यांची 'भंडारभोग' जोगत्याची कथा आहे. तिथून आरंभ करावा, कारण ती भाषा आपल्या सीमाभागाची आहे. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात 1981 साली एका मुलीचे मुलीवरचे प्रेम रंगमंचावर आले. त्याचे पांढरपेशे कॉलेजविश्व टिपून ठेवून वाचावे. पुण्यात 2002 साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचे 'इंद्रधनू' शिक्षकांनी आधी वाचावे, विद्यार्थ्यांना मग द्यावे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन. आणि भटक्या समाजातून आलेल्या दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप'मधल्या कविता. 'उपरा', 'उचल्या' ज्या खणात आहेत त्याच खणात 'कुरूप' ठेवावी. जात, भटकेपण आणि लिंगभाव तिथे एकाच देहावर भोगलेले आहेत; "आधी हे, मग ते" म्हणणाऱ्यांनी त्या देहाचे कुठून दोन तुकडे करायचे ते सांगावे.

यातली काही पुस्तके मी माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागवून घेतली. ती काउंटरमागच्या कुलूपबंद कपाटात न ठेवता उघड्या खणात ठेवावीत, यासाठी दोनदा भांडावे लागले. नोंदवहीत नावे फारशी चढत नाहीत. पण पुस्तके जागेवरून हललेली दिसतात, पाने दुमडलेली सापडतात. कोणीतरी तिथेच उभ्याने वाचते आहे. तो मुलगा केव्हाच शिकून बाहेर पडला. आपापल्या गावच्या ग्रंथालयात असा खण आहे का, एवढे तरी वाचकांनी जाऊन पाहावे.