कटण्यासाठी जन्मलेले खेळणे

पतंगाचा जनक कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. चीनमध्ये त्याचा उगम मानतात. आपल्या भाषेत त्याचे जुने नाव वावडी. नामदेवांचे एक पद शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात जतन झाले आहे. त्यात सवंगड्यांशी बोलतानाही चित्त दोरीवर ठेवणारा मुलगा आहे. म्हणजे चौदाव्या शतकात वावडी इकडे परिचित होती.

आपल्या पतंगाची खरी करामत मात्र त्याच्या कामट्यांत आहे. उभी ताठ, आडवी कमानीसारखी लवचीक. दोरा ओढला की कमान मागे वाकते व पतंग सरळ धावतो. ढील दिली की सपाट होऊन गरगरतो. म्हणूनच त्यास लांब शेपटाची गरज पडत नाही. मलायी धर्तीच्या बिनशेपटी पतंगाचे पेटंट अमेरिकेत विल्यम एडी यांनी १९०० साली घेतले. आमच्या कारागिरांस असले कागद कधी सुचले नाहीत. त्यांना संक्रांतीपूर्वी माल पुरवायचा असे!

या धंद्याचे मर्म मोठे विलक्षण आहे. नामदेवांच्या मुलास दोरी सांभाळावयाची होती. डोंगरीच्या पतंगवाल्याची भाकर ती तुटण्यावर अवलंबून. विटी-दांडू वर्षानुवर्षे टिकतो, पतंग एका दुपारी दहा जातात. गिरगावच्या गच्चीवर 'काटला!' अशी आरोळी उठली की कुठेतरी एक गिऱ्हाईक पुन्हा दुकानाकडे वळते. काटण्याचे हत्यार म्हणजे मांजा: सुती दोरा दोन खांबांमध्ये ताणून त्यावर भाताची खळ, कुटलेली काच व रंग यांचा लेप चढवावयाचा. चढविणाराची बोटे चिंध्यांत गुंडाळलेली असतात, तरी कापतातच. ज्या शहरात ताडदेवला १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली व पुढे परळ-लालबाग धुराड्यांनी भरून गेले, तेथे सुताचा हा छंद फोफावला यात नवल ते काय?

सुती मांज्यानेही इजा होई; पण जोर पडला की तो तुटे. पुढे स्वस्त नायलॉनचा मांजा आला. तो सहजी तुटत नाही, कुजतही नाही; दुचाकीस्वाराचा गळा मात्र चिरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातोच, आणि संक्रांतीच्या सुमारास परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात पंख चिरलेले पक्षी आणले जातात. झाडावर अडकलेला दोरा तर सण सरल्यावरही तसाच लोंबत राहतो.