खेळण्यांतून जन्मलेले राक्षस

सुलतानपूर हें बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांतील गांव. तेथून जवळच लोणारचें सुप्रसिद्ध सरोवर आहे. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा उल्कापातानें पडला, हें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें पक्कें झालें. परंतु त्यापूर्वीं कित्येक शतकें लोकांनीं तेथें लवणासुराचें घर मानिलें होतें, आणि विष्णूनें त्याचा वध केल्याची स्मृति तेथील दैत्यसूदन मंदिरानें जपली आहे. आकार आधीं होता, राक्षस मागाहून आला. याच क्रमानें विसाव्या शतकांत अमेरिकेंत कांहीं राक्षस जन्मास आले. मात्र तेथें खळग्याच्या जागीं प्लॅस्टिकचीं खेळणीं होतीं.

मेजावर युद्ध मांडण्याची हौस जुनीच. प्रशियांत रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं सैनिकी शिक्षणासाठीं असा खेळ पुढें आणिला, एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. पुढें १९७१ सालीं गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या पुस्तकांत मध्ययुगीन योद्ध्यांच्या जोडीला जादूगार व पंखवाले अजगर आले. योद्ध्यांच्या मूर्ति विकत मिळत, अजगराची मिळेना. तेव्हां गायगॅक्स यांनीं पाठीवर तकटांची रांग असलेल्या स्टेगोसॉरस प्राण्याचें खेळणें घेऊन त्याचाच अजगर बनविला. १९७४ सालीं त्यांनीं डेव्ह आर्नेसन यांच्यासह 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. या खेळांत एकजण प्रसंग सांगतो, इतरांपैकीं प्रत्येकजण एकेका वीराची भूमिका घेतो, आणि जयापजय फांशांवर ठरतो.

या खेळाला शत्रु हवे होते, आणि ते स्वस्त मालाच्या दुकानांत सांपडले. हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांच्या पिशव्या तेथें 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकल्या जात; पण त्यांतील कांहीं प्राणी पृथ्वीवर कधींच नव्हते. एकाला लांब मिशा होत्या व शेपटीच्या टोकाला पंख्यासारखीं पातीं होतीं. त्याचा 'गंज-राक्षस' झाला. त्याचा स्पर्श होतांच लोखंड गंजून जावें, असा नियम त्याला जोडण्यांत आला. तलवारीस न भिणारा चिलखती वीर या दुबळ्या प्राण्याला पाहून मागें सरूं लागला, कारण त्याचें सारें बळ लोखंडांत होतें. दुसऱ्या एका खेळण्यापासून घुबडाच्या तोंडाचें अस्वल निघालें. हे दोघेही १९७५ सालीं 'ग्रेहॉक' या पुरवणींत अवतरले. पाठीवर कवच असलेला तिसरा प्राणी टिम कॅस्क यांनीं १९७६ सालीं 'द ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्या अंकांत जमिनीखालून धांवणारा 'बुलेट' म्हणून आणिला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसकोशांत तिघांनाही स्थान मिळालें.

महाराष्ट्रांतील मुलांना ही रीत नवी वाटूं नये. दिवाळींत मातीचा किल्ला उभारतांना गुहेंतला वाघ दरवाजापेक्षां मोठा असतो, आणि बाजारांत मिळालेला कोणताही घोडेस्वार मावळा ठरतो. मूल त्याला नांव देतें, जागा देतें, काम देतें. तेवढ्यानें तें खेळणें किल्ल्याचें होतें. गायगॅक्स प्रभृतींनीं याहून एकच गोष्ट अधिक केली. त्यांनीं दिलेलें काम नियम म्हणून छापलें, आणि त्यामुळें एका घरच्या मेजावरची भीति दूरदूरच्या अनोळखी खेळाडूंपर्यंत पोंचली.

आज या राक्षसांच्या सुबक मूर्ति मुद्दाम घडवून विकल्या जातात. साच्याची सक्ति आतां कोणावर नाहीं. तरी गंज-राक्षसाच्या शेपटीला तीं पंख्यासारखीं पातीं अजून असतातच.